भाऊजींच्या डोक्यातला डाग

माझा स्वभाव शक्की आहे. दूधवाल्याने माप पुढे केलं की मी आधी नखावर थेंब धरून पाहतो. एसटीचा कंडक्टर "जागा हाये, चढा" म्हणाला तर खिडकीतून वाकून खात्री करतो. पंगतीत जिलबी जरा जास्तच पिवळी दिसली तर हळूच शेजाऱ्याच्या ताटात सरकवतो. माझी थोरली बहीण, तिला मी ताई म्हणतो, हसून म्हणायची, "तुले तं देवाच्या फोटोतही डाग दिसते." हसायची खरी, पण याच स्वभावावर माझं पोट चालत होतं. मलकापूरच्या एका खासगी दवाखान्यात मी सीटी स्कॅनचं मशीन चालवायचो.

मशीन नवं नव्हतं. मोठ्या शहरात वापरून झाल्यावर ते आमच्याकडे आलं होतं आणि विकणाऱ्याने ते "जवळपास नवंच" म्हणून दिलं होतं, तेव्हापासूनच माझा त्याच्यावर विश्वास नव्हता. पेशंटला फळीवर झोपवायचं, डोकं त्या मोठ्या कड्यात सरकवायचं, की मशीन भोवती फिरून काकडीच्या चकत्या कराव्यात तसे मेंदूचे काप पडद्यावर दाखवायचं. लोक त्याला फोटोच म्हणायचे. फोटोत दिसलं म्हणजे ते डोक्यात आहेच, असं सगळे धरून चालायचे. मी तसं धरत नव्हतो.

कारण फोटोही खोटं बोलतो. शरीरात नसलेली पण चित्रात उमटलेली गोष्ट, तिला आमच्या धंद्यात आर्टिफॅक्ट म्हणतात. पेशंट हलला की एका नाकाची दोन नाकं होतात. अंगावर धातू असला की चित्रभर पांढऱ्या रेघा फुटतात. एकदा रोहिणखेडहून एका कापड दुकानदाराच्या म्हाताऱ्या आईला आणलं होतं. लोखंडाचं काही आहे का, पितळेचं काही आहे का, मी तीन तीनदा विचारलं. ती दर वेळी ठाम नाही म्हणाली. फोटो काढला तर डोक्याच्या मागून भुईचक्र सुटल्यासारख्या रेघा. शेवटी तिच्या अंबाड्यात हात घातला, तर काळ्या दोऱ्यात ओवलेला तावीज. म्हातारी उलट माझ्यावरच डाफरली, "तूने लोहा पूछा, पीतल पूछा. चांदी कहाँ पूछी बेटा?" त्या दिवसापासून मी कोणाच्या बोलण्यावर गेलो नाही. बाई असो, बुवा असो, प्रत्येकाच्या केसांतून स्वतः हात फिरवायचा आणि मगच बटण दाबायचं, असा नेम केला.

तिसऱ्या जातीचा खोटेपणा मशीनचा स्वतःचा. त्या कड्यात शेकडो बारीक डोळे असतात. त्यातला एखादा जरा कमीजास्त पाहायला लागला की चित्रात गोल कडं उमटतं. बरोब्बर मधला डोळा बिघडला तर ते कडं इतकं लहान होतं की चित्राच्या मधोमध नुसता एक ठिपका दिसतो. हे होऊ नये म्हणून रोज सकाळी पहिला पेशंट घेण्याआधी मशीनला रिकाम्या हवेचा फोटो काढायला लावायचा. हवेत काहीच नसतं. तेव्हा जो डोळा काहीतरी दिसतंय म्हणेल तो खोटारडा, त्याला तिथेच वठणीवर आणायचं. याला कॅलिब्रेशन म्हणतात. अर्ध्या तासाचं काम, आणि ते झालं की वहीत सही करायची. मला हे काम फार आवडायचं. अख्ख्या दुनियेत खोटं कोण बोलतंय हे अर्ध्या तासात ठरवता येणारी तेवढीच एक जागा मला माहीत होती.

आता भाऊजींबद्दल. ताईला वडनेर भोलजीजवळच्या एका लहान गावात दिली होती. भाऊजी म्हणजे तिचे यजमान. उंच, गोरे, मिशीला रोज तेल लावणारे, आणि गावात शब्दाला मान असलेले. बीटी कापसाचं बियाणं आमच्याकडे नवं नवं आलं तेव्हा एका बियाण्याच्या कंपनीने त्यांचं रस्त्यालगतचं शेत हेरलं. तिथे कार्यक्रम झाला, भाऊजींना फेटा बांधला, हातात बोंड देऊन त्यांचा फोटो काढला आणि त्या फोटोचा माणसाएवढा बोर्ड शेताच्या तोंडाशी उभा केला. येणारे-जाणारे गाड्या थांबवून पऱ्हाटी, म्हणजे उभी कपाशी, पाहायचे. भाऊजी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे राहून सांगायचे, "हे बीटी हाय. याले फवारा लागतच नाही. पंप आता माळ्यावर टाका." त्यांच्या शब्दावर गावातल्या बहुतेकांनी तेच बियाणं पेरलं. लोक त्यांना गमतीने बोर्डवाले म्हणायला लागले, आणि ते चिडायचे नाहीत.

मी चिडायचो. मला त्या बोर्डाचा पहिल्यापासून संशय होता. एकदा मी म्हणालोही, "भाऊजी, अळी नाही लागत हे ठीक. पन बाकीच्या किडी बोर्ड वाचून वापस जाते काय?" भाऊजी हसले आणि ताईला म्हणाले, "तुह्या भावाले जेवाले वाढ, नाहीतं थो आता भाकरीचाही फोटो काढीन." सगळे हसले. मीही हसलो, पण मनातून मला राग आला होता.

एका पावसाळ्याच्या शेवटी ताईचे फोन यायला लागले. बाजाराच्या दिवशी भाऊजींना काहीतरी होतं, असं ती म्हणायची. वडनेरचा बाजार असला की अर्धं गाव तिकडे जातं. ताईही जायची. भाऊजी मात्र शेतावर काम आहे म्हणून मागे राहायचे. ती संध्याकाळी परत आली की हे खाटेवर पडलेले, घामाने डबडबलेले, उलट्या झालेल्या, आणि उभं राहायला गेले की झोक जातोय. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणठणीत. पुढच्या बाजाराला पुन्हा तेच.

माझ्यासारख्या माणसाला एवढं पुरे होतं. "ताई, घेऊन राह्यले असतीन," मी म्हणालो.

"काय घेऊन राह्यले?"

"दारू. दुसरं काय?"

 मग ती म्हणाली, "त्यायच्या अंगाले साबनाचा वास येते, दारूचा नाही येत. म्या पाह्यलं." म्हणजे तीही हुंगत होती. साबण लावून अंघोळ कशासाठी, तर वास लपवायला, असं मी लगेच ठरवून टाकलं. बहिणीच्या संसारात संशयाची ही काडी मी टाकली. तिने पुढे पंधरा दिवस नवऱ्याशी धड बोलणं टाकलं होतं, हे मला नंतर कळलं आणि फार वाईट वाटलं.

त्यानंतरच्या एका बाजाराच्या दिवशी दुपारीच ताई भाऊजींना घेऊन दवाखान्यात आली. बाजारात पोचून तिला चैन पडेना म्हणून ती अर्ध्यातून परतली, तर भाऊजी अंगणात पडलेले. तोंडातून लाळ गळत होती, श्वास घरघरत होता, डोळ्यांखालची कातडी आपोआप थडथडत होती. केस ओले होते. डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाले, "बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात." मग पहिला प्रश्न, जो त्या दिवसांत ते प्रत्येक शेतकऱ्याला विचारायचे, "फवारणी केली होती का?"

ताई म्हणाली, "नाही डॉक्टरसाहेब, आमची बीटी हाय. आमी फवारत नाही. अख्ख्या गावाले माहीत हाय." डॉक्टरांनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी मान हलवली. नाही.

"दारू?"

भाऊजींनी पुन्हा मान हलवली. ताईने माझ्याकडे पाहिलं. मी वाकून त्यांच्या तोंडाचा वास घेतला होता, दारू नव्हती. मग डोक्यातच काहीतरी असणार, असं म्हणून डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं.

मी त्यांना फळीवर झोपवलं. इथे माझा नेम होता, केसांतून हात फिरवायचा. मी फिरवला नाही. बहिणीच्या नवऱ्याच्या पायाला हात लावायचा असतो. लग्नात मी त्यांचे पाय धुतले होते. त्यांच्या डोक्याला हात लावायचा हे माझ्याच्याने झालं नाही. "भाऊजी, डोक्यात काही नाही ना?" असं विचारलं, त्यांनी नाही म्हटलं, आणि जावई माणसाच्या शब्दावर मी बटण दाबलं.

चित्रं आली. मेंदूच्या तळाशी, श्वास आणि तोल जिथून सांभाळला जातो त्या देठात, एक काळा डाग होता. हरभऱ्याएवढा, काठ स्पष्ट. डॉक्टर माझ्या खांद्यावरून पाहत होते. "झालं," ते म्हणाले. "देठाला रक्त मिळत नाहीये. म्हणून बाहुल्या बारीक, म्हणून झोक. आपल्याकडे याला इलाज नाही. औरंगाबादला हलवा, आत्ता." बाहेर जाऊन त्यांनी ताईला समजावून सांगितलं. मला काचेतून ती दिसत होती. ती रडली नाही. पदर तोंडात धरून नुसती ऐकत राहिली. कोणीतरी सुमो सांगायला धावलं. बुलढाण्याचा घाट चढून पुढे चार-पाच तासांचा रस्ता होता.

फिल्म पाकिटात घालताना मी ती पुन्हा उजेडाला धरली. काही कारण नव्हतं, सवय. आणि मनात पाल चुकचुकली. डाग मधोमध होता. मेंदूच्या मधोमध ठीक आहे, पण तो चित्राच्याही मधोमध होता. मी पट्टी घेऊन मोजलं. डावीकडून जेवढं, तेवढंच उजवीकडून. वरून जेवढं, तेवढंच खालून. मग वरचे काप पाहिले. तिथे मेंदूत पाण्याच्या पोकळ्या असतात, त्या काळ्याच दिसतात. त्या काळ्यात नेमका त्याच जागी थोडा जास्त काळा ठिपका होता. प्रत्येक कापात, त्याच जागी. रोग असा कधी पट्टी लावून बसत नाही.

आणि मग मला सकाळ आठवली. लोडशेडिंगचं वेळापत्रक आदल्या दिवशी बदललं होतं. वीज आली तेव्हा हायवेवरच्या अपघातातले तिघं दारात होते. वीज नसताना जनरेटरवर एसी चालवायची मनाई असल्याने खोली भट्टीसारखी तापली होती, आणि तापलं की मशीनचे डोळे हमखास बिघडायचे. मी हवेचा फोटो काढलाच नव्हता. वहीत मात्र सही केली होती. दुधाचा थेंब नखावर धरणारा मी.

डाग खरा की खोटा हे ओळखायची एक साधी रीत आहे. डोकं दोन बोटं बाजूला सरकवायचं आणि पुन्हा फोटो काढायचा. डाग डोक्यात असेल तर डोक्याबरोबर सरकेल. मशीनचा असेल तर चित्राच्या मध्यावरच बसून राहील. डॉक्टरांना मी सांगितलं, "पेशंट हलला होता, एकदा परत घेतो." हेही खोटंच. ते घाईने म्हणाले, "गाडी येईपर्यंत घे."

या वेळी डोकं मलाच सरकवावं लागणार होतं. भाऊजींच्या अंगात बळ नव्हतं. मी दोन्ही हात त्यांच्या ओल्या केसांत घातले, डोकं उचललं आणि जरा डावीकडे ठेवलं. हात नाकाजवळ आले आणि मी तसाच थांबलो. साबणाच्या खाली दुसरा वास होता. लहानपणी आमच्या बाबांच्या सदऱ्याला यायचा तो, लसणासारखा उग्र, घशात बसणारा. फवारणीच्या औषधाचा. वाऱ्यावर उडालेलं औषध केसांत बसतं आणि एका अंघोळीत जात नाही.

फोटो काढला. डाग चित्राच्या मधोमधच राहिला होता, आणि आता तो देठात नव्हता, उजव्या बाजूच्या चांगल्या मेंदूवर आला होता. भाऊजींच्या डोक्यात काहीच नव्हतं.

मी दार लावून त्यांच्याजवळ गेलो. "भाऊजी, कोनतं औषध मारलं?"

त्यांनी डोळे मिटले. लाळ पुसायलाही हात उचलत नव्हता, मी पुसली. "बाजाराच्या दिवशी मारता न तुम्ही? गाव खाली झालं की?"

त्यांचे ओठ हलले. "तुडतुडे आले. पानं कोकडली सारी." मग दम घेऊन, "बोर्ड हाय न तिथं. लोकं पाह्यतीन त काय म्हनतीन."

"तोंडाले काही बांधलं होतं?"

"दुपट्टा बांधला तं दुरून दिसते." म्हणजे लांबून कोणी पाहिलं तर नुसते शेतात फिरताहेत असं वाटावं म्हणून त्यांनी तोंडही बांधलं नव्हतं.

"डॉक्टर म्हनते डोक्यात डाग हाय," ते म्हणाले.

"नाही. डाग माह्या मशीनचा हाय."

त्यांनी माझं मनगट धरलं. पकड लहान पोरासारखी होती. "मंग राहू दे न थो डाग. डोक्याचा रोग कोनालेही होते. हे नोको सांगू."

त्या क्षणी मला किती हलकं वाटलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. डाग राहू दिला तर भाऊजींची लाज राहत होती आणि माझी सहीही खरी ठरत होती. औरंगाबादचे डॉक्टर हुशार असतात, ते बरोबर ओळखतील, असंही मी मनात म्हटलं. दोन-चार श्वास मी तसाच उभा होतो, तेही मी मोजले नाहीत, भाऊजींचा श्वास घरघरला म्हणून भानावर आलो. घाटातल्या सुमोत तो थांबला असता. मी म्हणालो, "डॉक्टरले सांगतो. गावाले नाही सांगत. ताईलेही नाही. माह्या गळ्याची शप्पथ." त्यांनी हात सोडला.

डॉक्टरांना मी दोन्ही फिल्म दाखवल्या, वासाचं सांगितलं आणि वहीही पुढे केली. त्यांनी आधी नर्सला हाक मारून ॲट्रोपीन, या विषावरचा उतारा, भरायला लावलं आणि स्वतः जाऊन टोचलं. बाहुल्या मोठ्या होईपर्यंत, लाळ सुकेपर्यंत ते पुन्हा पुन्हा टोचत राहिले. "कोणतं औषध ते कळलं असतं तर बरं झालं असतं. बाटली मिळेल का?" त्यांनी विचारलं. भाऊजींनी मान फिरवली. बाटली आणायला गावात माणूस पाठवला असता तर गुपित उरलं नसतं. तेवढ्यावरच भागलं. सुमो परत पाठवली. वही हातात घेऊन डॉक्टर मला इतकंच म्हणाले, "तुझी सही मी कधी तपासून पाहिली नव्हती." त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

ताईला आम्ही "अन्नातून काहीतरी गेलं" असं सांगितलं. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. ती माझीच बहीण. पण नवरा उठून बसला होता, तिने विचारलं नाही.

बोर्ड तसाच राहिला. पुढच्या हंगामात भाऊजी पुन्हा धुऱ्यावर उभे राहून लोकांशी बोलायचे, मी त्या रस्त्याने गेलो तर हात करायचे आणि नजर दुसरीकडे न्यायचे. मी मात्र रोज सकाळी हवेचा फोटो काढत होतो, कितीही माणसं दारात असोत. वहीत सही करताना माझं मलाच हसू यायचं, कारण आता माझा माझ्याही सहीवर विश्वास नव्हता.

त्याच हंगामात, पुन्हा बाजाराच्याच दिवशी, गावातल्या चार-पाच माणसांनी एकाला उचलून आणलं. तो भाऊजींचा शेतशेजारी होता. दोघांच्या शेतांमध्ये एकच धुरा. पंधरा वर्षं तो भाऊजींच्या बरोबरीने बैल हाकत आला होता. त्याची बायको रडत सांगत होती, "बाजाराच्या दिवशी पेतात हे. म्या कितीकदा सांगतलं." लोकही मागून माना हलवत होते. डॉक्टरांनी विचारलं, फवारणी? लोकांनीच उत्तर दिलं, "आमच्या गावात कोनी फवारत नाही साहेब. बीटी हाय."

मी कोणाला न विचारता त्याच्या केसांत हात घातला आणि वास घेतला. बाकीच्यांना बाहेर काढलं. "दादा, औषध मारलं न?"

त्याची जीभ जड झाली होती. "तुह्या भाऊजीले नोको सांगजो," तो म्हणाला. "त्याच्या पऱ्हाटीले काई लागत नाही. इकडं माह्या धुऱ्यापासून तुडतुडे सुरू. माह्यातच काईतरी खोट हाय. म्या दोन-तीन औषधं मिसळली... लोकं हसतीन." एवढं बोलून त्याची शुद्ध हरपत गेली. कोणती औषधं, हे त्याला सांगता आलं नाही.

डॉक्टर या वेळी अडून बसले. "मिसळलंय म्हणतोय. काय मिसळलंय ते कळल्याशिवाय मी आंधळ्यासारखा किती टोचू? बाटल्या पाहिजेत." त्याच्या बायकोला काहीच ठाऊक नव्हतं. सोबतच्या माणसांकडे मी पाहिलं. सगळे जमिनीकडे पाहत होते. तेव्हाच मला संशय यायला हवा होता, पण माझं लक्ष दुसरीकडे होतं. माझ्यापुढे गळ्याची शपथ होती.

मी बाहेर जाऊन भाऊजींना फोन लावला. "तुमच्या शेजाऱ्याले आनलं हाय. तुमच्यासारखंच. औषध मिसळून मारलं, कोनतं ते मालूम नाही. वाचते का नाही सांगता येत नाही."  मी शेवटचं बोललो, "भाऊजी, तुमच्या पऱ्हाटीले काही लागत नाही, म्हनून थो लपून मारत होता."

त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, संपलं. हा माणूस येत नाही. मी मनातल्या मनात त्यांना इतक्या शिव्या दिल्या, तेवढ्या ते मशीन विकणाऱ्यालाही दिल्या नसतील.

दीड-एक तासाने ते दवाखान्याच्या पायऱ्या चढून आले. पायांना चिखल, मिशीला तेल नाही. दोन्ही हातांत मिळून चार बाटल्या होत्या, गळ्याला धरलेल्या. गावची माणसं बाकावर बसली होती, शेजाऱ्याची बायको भिंतीला टेकून होती, ताईही बातमी ऐकून बाजारातून थेट आली होती. भाऊजी कोणाकडे न पाहता डॉक्टरांच्या टेबलाशी गेले. तीन बाटल्या एका बाजूला ठेवल्या. "ह्या त्याच्या. त्याच्या कुडाच्या वळचनीत होत्या." मग चौथी ठेवली. पिवळ्या झाकणाची, अर्धी संपलेली. त्या तिघींतलीही एक तशीच, पिवळ्या झाकणाची होती. "हे माही. मी बी मारतो. मागच्या सालापासून. बोर्डाच्या मांगं ठेवत होतो."

डॉक्टर लेबलं वाचायला लागले आणि आत गेले.  शेजाऱ्याच्या बायकोने त्या चौथ्या बाटलीकडे पाहिलं, मग भाऊजींकडे. ताईने माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की तिला दारूचं, साबणाचं, अन्नातल्या विषाचं, सगळं एकदम कळलं. मग बाकावरचा एक जण घसा खाकरून म्हणाला, "मी बी मारतो." त्याच्या शेजारचा म्हणाला, "आमच्या घरीबी हाय एक." तिसऱ्याने नुसती मान हलवली. अख्खं गाव फवारत होतं, ज्याला त्याला वाटत होतं आपलीच पऱ्हाटी नासकी.

शेजारी वाचला. आठव्या दिवशी भाऊजींच्याच बैलगाडीतून घरी गेला. बोर्ड दोघांनी मिळून उपटला, असं ताई सांगते, मी पाहिलेलं नाही म्हणून खात्रीने सांगत नाही.

बाटल्या आणल्या त्या संध्याकाळी मात्र मी भाऊजींना चहा घेऊन गेलो. त्यांच्या हातांना त्या बाटल्यांचा वास येत होता, मी त्यांना आधी साबणाने हात धुवायला लावले. ते गावाहून एसटीने आले होते. बाजाराची गाडी, माणसं दाटीवाटीने उभी, सगळी ओळखीची. मी सहज विचारलं, "बाटल्या पिशवीत काऊन नाही आनल्या? पिशवी नव्हती काय?"

"होती न," भाऊजी म्हणाले, आणि सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेली कापडी पिशवी काढून त्यांनी मला दाखवली.